प्रा. मधु दंडवते यांची वीस वर्षांची खासदारकी मोजायची कशी?

प्रश्न : माडबागायत

कोकणातल्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने प्रा. मधु दंडवते यांना १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग पाच निवडणुकांत निवडून दिले. या वीस वर्षांत ते मंत्री होते ते जेमतेम सव्वातीन वर्षे. मार्च १९७७ ते जुलै १९७९ या काळात त्यांच्याकडे रेल्वे खाते होते आणि डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळात अर्थ खाते. उरलेला सगळा काळ विरोधी बाकांवर गेला, आणि त्यातले सुमारे दीड वर्ष तर आणीबाणीच्या तुरुंगवासात.

गेल्या गणपतीत आमच्या घरी यावरून दोन दिवस वाद चालला. माझ्या आजोबांनी या पाचही निवडणुकांत त्यांना मत दिले होते. कोकण रेल्वे हे दंडवत्यांचेच देणे आहे आणि तेवढे एक काम वीस वर्षांच्या खासदारकीला पुरून उरते, असे त्यांचे म्हणणे. मुंबईहून आलेल्या माझ्या चुलतभावाला ते मान्य नव्हते. १९७७ मध्ये खुद्द रेल्वेमंत्री आपल्या मतदारसंघाचा असताना कोकणात रूळ का पडले नाहीत, असे त्याने विचारले, आणि त्यावर आजोबा बराच वेळ गप्प बसले. पुढे तो म्हणाला की, रेल्वेचे भूमिपूजन झाल्यावर वर्षाच्या आत, १९९१ मध्ये, त्याच मतदारांनी त्यांना पाडले, याचा अर्थ लोकांचेही समाधान झालेले नव्हते.

मला कोणाची बाजू घ्यायची नाही. मला समजून घ्यायचे आहे ते एवढेच, की ज्याच्या हाती बहुतेक काळ सत्ता नव्हती अशा खासदाराच्या दीर्घ कारकिर्दीचे मोजमाप कशावरून करावे. १९७७ चा आणि १९९१ चा, असे दोन्ही प्रश्न मला खरेच छळत आहेत. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : रुळांवरून

माझी नोकरी रेल्वेत झाली, त्यामुळे आपल्या बंधूंच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून दंडवत्यांचे कौतुक करणे त्यांनाही आवडले नसते, असे मला वाटते.

रेल्वेमंत्र्याने मनात आणले की नवा मार्ग सुरू होतो, ही समजूत मुळात चुकीची आहे. त्या काळी रेल्वेचा अर्थसंकल्प स्वतंत्र असला, तरी नव्या मार्गासाठी लागणारे भांडवल केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीतून येत असे आणि त्यावर रेल्वेला दरवर्षी लाभांश भरावा लागे. त्यामुळे नियोजन आयोग आणि अर्थ खाते प्रत्येक नव्या मार्गाकडे एकाच नजरेने पाहत: यातून परतावा किती मिळेल? सह्याद्रीच्या पायथ्याने जाणाऱ्या, नद्या, खाड्या आणि डोंगर ओलांडणाऱ्या मार्गाचा खर्च अफाट होता, आणि वाटेत ना मोठे उद्योग ना कोळशाच्या खाणी. या कसोटीवर कोकणचा प्रस्ताव कधीच उतरत नव्हता. दिव्याहून पनवेल आणि आपट्यापर्यंत साठच्या दशकात पोहोचलेली गाडी रोह्याला पोहोचायला १९८६ साल उजाडले, यावरून वेग लक्षात यावा. ज्या मंत्र्याला हाती अडीच वर्षेही मिळाली नाहीत, त्याने सगळ्या देशाचा निधी स्वतःच्या मतदारसंघाकडे वळवला नाही, याला मी उणीव म्हणणार नाही.

मग त्या काळात त्यांनी काय केले? पहिले काम मे १९७४ च्या रेल्वे कामगारांच्या संपाशी निगडित होते. वीस दिवस चाललेल्या त्या संपात हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. दंडवते मंत्री झाल्यावर त्यांना परत घेण्याचा निर्णय झाला. संपात भाग घेतला म्हणून घरी बसलेला माणूस तीन वर्षांनी त्याच फलाटावर, त्याच गणवेशात उभा राहिला, याचे मोल त्या घरांनाच ठाऊक.

दुसरे काम बाकांचे. आज तरुण प्रवाशांना सांगूनही खरे वाटणार नाही, पण दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तेव्हा नुसत्या लाकडी फळ्या असत. प्रवासी घरून वळकटी किंवा सतरंजी आणत, ती फळीवर पसरत आणि रात्रभर कूस बदलत राहत. ज्याच्याकडे अंथरूण नसे, त्याच्या पाठीवर सकाळी फळ्यांमधल्या फटींचे वळ उठलेले असत. या फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसवण्याचा निर्णय दंडवत्यांनी घेतला. पहिल्या वर्गाच्या सोयी काढून घेण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर उचलायचे, हा त्यामागचा विचार होता, आणि समाजवादाची इतकी साधी, हाताला लागणारी व्याख्या मी दुसरीकडे पाहिलेली नाही. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस याच विचारातून आली. लांब पल्ल्याची, वेगवान आणि पहिला वर्गच नसलेली गाडी तोवर देशात नव्हती.

आता कोकण रेल्वेविषयी. १९८९ च्या डिसेंबरात दिल्लीत जे जुळून आले, ते पुन्हा कधी जुळेल असे वाटत नाही. रेल्वे खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते, आणि ते मूळचे मंगळूरचे, म्हणजे याच मार्गाच्या दक्षिण टोकाचे. अर्थ खाते दंडवत्यांकडे आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद रामकृष्ण हेगडे यांच्याकडे. हेगडेही उत्तर कन्नड जिल्ह्यातले, आणि त्या जिल्ह्यातूनच कारवार, कुमठा, होन्नावर, भटकळ अशी गाडी पुढे जाणार होती. ज्या तीन दारांवर हा प्रस्ताव वर्षानुवर्षे अडत होता, त्या तिन्ही दारांत आता त्याची निकड जाणणारी माणसे बसली होती.

तरीही तिजोरीत पैसा नव्हताच. मार्ग निघाला तो वेगळ्या रचनेतून. रेल्वेच्या नेहमीच्या निधीवर न विसंबता १९ जुलै १९९० रोजी स्वतंत्र महामंडळ स्थापन करण्यात आले. त्याच्या भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के ठरला, आणि उरलेली मोठी रक्कम रोख्यांतून उभी करायची होती. राज्यांनी रेल्वेमार्गासाठी भांडवल द्यावे आणि बाजारातून कर्ज उभारावे, ही कल्पना त्या वेळी नवी होती आणि अर्थ खात्याच्या होकाराशिवाय ती कागदावरच राहिली असती. म्हणून मी असे म्हणेन की, कोकण रेल्वेतला दंडवत्यांचा खरा वाटा रेल्वेमंत्री म्हणून नसून अर्थमंत्री म्हणून आहे. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्यात पायाभरणी झाली आणि २६ जानेवारी १९९८ ला सुमारे ७४० किलोमीटरच्या अखंड मार्गावर गाड्या धावू लागल्या. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन आणि त्यांच्या अभियंत्यांचे श्रेय अर्थातच वेगळे आणि फार मोठे आहे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मंत्र्यांनी खोदला नाही.

प्रतिसाद २ : हिशेबनीस

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, मात्र अर्थमंत्रिपदाचे मूल्यमापन केवळ कोकण रेल्वेवरून करता येणार नाही. मार्च १९९० मध्ये त्यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा १८ हजारांवरून २२ हजारांवर नेली. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याचा निर्णयही त्याच वर्षीचा, आणि त्या कायद्याने सराफ व सुवर्णकारांचे किती हाल केले होते हे आठवणारे त्याबद्दल आजही त्यांना दुवा देतील. परंतु याच वर्षी शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ करण्यात आली. हे निवडणुकीतले आश्वासन होते आणि ते पाळले गेले हे खरे, पण सरकारी तिजोरीवर आधीच ताण असताना तो बोजा पेलण्याजोगा नव्हता, आणि कर्ज फेडण्याच्या सवयीला त्यातून धक्का बसला, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेलाचे भाव भडकले आणि परकीय चलनाची चणचण उघड होऊ लागली. १९९१ च्या संकटाचा सगळा दोष अकरा महिन्यांच्या अर्थमंत्र्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण ते संकट ऐंशीच्या दशकभरात साचत गेले होते. तरी व्यक्तिगत सचोटीबद्दलचा आदर आणि आर्थिक निर्णयांचे परीक्षण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, अशी विनंती आहे.

प्रतिसाद ३ : सभागृह

मूळ प्रश्न दीर्घ कारकिर्दीच्या मोजमापाचा आहे आणि चर्चा मंत्रिपदांवरच फिरते आहे, म्हणून उरलेल्या पावणेसतरा वर्षांबद्दल लिहितो.

आपण आज खासदाराकडे पाहतो ते स्थानिक विकास निधीच्या चष्म्यातून. सभामंडप, रस्ता, पथदिवे आणि त्यावर नावाची पाटी. ही योजनाच मुळी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. दंडवते लोकसभेत होते तेव्हा खासदाराच्या हाती खर्च करायला एक रुपयाही नव्हता. प्रश्न विचारणे, भाषण करणे, मंत्र्याला पत्र लिहिणे आणि तेच पुन्हा पुन्हा करत राहणे, एवढीच त्याची साधने होती. आपल्या बंधूंनी त्यांना आजचे माप लावले आहे.

दुसरी गोष्ट, लोकसभेत बोलण्याचा वेळ पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे वाटला जातो. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या, आणि प्रजासमाजवादी पक्षाचे देशभरातून अवघे दोन सदस्य निवडून आले. त्यातले एक दंडवते. १९८४ मध्येही तेच. काँग्रेसचे चारशेहून अधिक, जनता पक्षाचे दहा. अशा पक्षाच्या वाट्याला मोठ्या चर्चेत काही मिनिटे येतात. म्हणून छोट्या पक्षाच्या सदस्याला नियमपुस्तकच हत्यार म्हणून वापरावे लागते: तारांकित प्रश्न आणि त्यावरचे पूरक प्रश्न, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, अर्ध्या तासाची चर्चा, अनुदानाच्या मागण्यांवरील कपात सूचना. तारांकित प्रश्नाची नोटीस बरीच आधी द्यावी लागते, तो त्या दिवसाच्या यादीत वर आला तरच तोंडी उत्तर मिळते, आणि खरी परीक्षा पूरक प्रश्नात असते, कारण मंत्र्याच्या उत्तरातली पळवाट तिथल्या तिथे ओळखून तीवर बोट ठेवावे लागते. त्यासाठी रात्री बसून अहवाल वाचावे लागतात. दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असत, आणि आकडा तपासल्याशिवाय पुढे न जाण्याची वर्गातली शिस्त त्यांच्या संसदीय भाषणांतही दिसते. ऐंशीच्या दशकात लोकसभेतल्या जनता पक्षाच्या गटाचे ते नेते होते. एवढ्या लहान गटाच्या नेत्याचे म्हणणे सरकारी बाकही कान देऊन ऐकतात, हे संख्येच्या बळावर घडत नाही.

या मतदारसंघाला त्याची सवय आधीपासून होती, हेही ध्यानात घ्यावे. १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै येथून तीनदा निवडून गेले होते. मूलभूत हक्कांत संसदेला बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात ठरवल्यानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार पुनःस्थापित करण्यासाठी त्यांनी मांडलेले खासगी विधेयक देशभर गाजले. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावला त्यांचे अकाली निधन झाले आणि काही आठवड्यांतच आलेल्या निवडणुकीत दंडवते उभे राहिले. नगरमध्ये जन्मलेल्या आणि मुंबईत प्राध्यापकी करणाऱ्या माणसाला कोकणाने आपले मानले, त्यामागे नाथ पैंची पुण्याई होती. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात दंडवत्यांनी तुकडीचे नेतृत्व करून पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला होता, आणि गोव्याच्या वेशीवरच्या सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या लोकांना ते सांगावे लागत नव्हते.

आणीबाणीचा प्रसंगही इथेच सांगितला पाहिजे. जून १९७५ मध्ये ते एका संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला गेले होते. त्याच कामासाठी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही तिथे होते. २६ जूनला या चौघांना तिथेच अटक झाली. ज्या समितीच्या कामासाठी ते गेले होते, ती पक्षांतरबंदीच्या विधेयकावरची होती. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई दंडवते येरवड्याच्या तुरुंगात आणि मधु दंडवते बंगळूरच्या, असा दोघांचा सुमारे दीड वर्षाचा काळ केवळ पत्रांच्या आधारावर गेला, आणि ती पत्रेही तुरुंगाधिकाऱ्यांच्या डोळ्यांखालून जात. १९८० मध्ये मात्र हे पती-पत्नी एकाच लोकसभेत बसले, प्रमिलाताई मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून आणि ते राजापुरातून.

माझ्या दृष्टीने मोजमापाची एक कसोटी अशी की, सरकार आपल्या विरोधात असताना खासदार किती नियमाने सभागृहात बसला, आणि स्वतःचे सरकार आल्यावर विरोधात असताना केलेल्या मागण्या त्याला आठवल्या का. संपातल्या कामगारांचे प्रकरण या दुसऱ्या कसोटीवर पूर्ण उतरते.

माडबागायत

सर्वांचे मनापासून आभार. रुळांवरून यांचा प्रतिसाद मी आजोबांना वाचून दाखवला. फळ्यांचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी मला थांबवले. आपल्याकडे रेल्वे नव्हती, तरी गावी येताना ते अनेकदा कोल्हापूरपर्यंत गाडीने येत आणि पुढे फोंडा घाटातून एसटीने उतरत. त्याआधी बोटीने येत, आणि ती बोट मालवणला समुद्रातच थांबत असे. मग ट्रंक डोक्यावर धरून हेलकावणाऱ्या होडीत पाय टाकावा लागे. तेव्हा दंडवत्यांचे सगळ्यात मोठे काम कोणते, यावर आजोबांचे मत आता थोडे बदलले आहे. ती गादी आपण अंगाने अनुभवली, पण ती कोणी दिली हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे ते म्हणाले.

हिशेबनीस यांचा मुद्दाही मला पटतो. परंतु १९९१ च्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही. वीस वर्षे साथ देणाऱ्या मतदारांनी तेव्हाच हात का काढून घेतला?

प्रतिसाद ४ : खाडीपलीकडे

१९९१ च्या निवडणुकीत मी दंडवत्यांच्या प्रचारात होतो, म्हणून हे लिहिताना मन जड होते.

सर्वांत आधी दिवस लक्षात घ्या. २१ मे रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली आणि महाराष्ट्रात मतदान झाले ते त्यानंतर, जूनमध्ये. त्या सहानुभूतीत काँग्रेसने राज्यात ४८ पैकी ३८ जागा जिंकल्या. दंडवत्यांच्या जनता दलाला राज्यात एकही जागा मिळाली नाही. राजापुरातून काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. तेव्हा हा कौल दंडवते नावाच्या व्यक्तीविरुद्ध होता असे मानणे मला पटत नाही. पक्षच राहिला नव्हता. नोव्हेंबर १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार पडले आणि जनता दल फुटले, मग खेडोपाडी प्रचाराला जायचे ते कोणत्या तोंडाने?

दुसरे कारण खोलवरचे आहे आणि त्याची सुरुवात कोकणात नव्हे, मुंबईत झाली. आमच्या भागात घरटी एक माणूस गिरणीत असे. त्याची मनीऑर्डर आली की घर चाले, आणि मत कोणाला द्यायचे हेही पुष्कळदा त्याच्या पत्रातून ठरे. तो चाकरमानी जोवर कामगार संघटना आणि समाजवादी चळवळ यांच्या सावलीत होता, तोवर राजापूर आमचे होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ते जग मोडले. गिरण्या मिटल्या, संघटना विस्कटल्या आणि गिरणगावातली तरुण पिढी शिवसेनेच्या शाखेकडे वळली. गणपतीला आणि शिमग्याला तीच मुले गावी येत, तेव्हा भगवा झेंडा त्यांच्याबरोबर येई. १९८४ आणि १९८९ मध्ये दंडवत्यांच्या नावाने हा बदल थोपवून धरला, पण १९९१ च्या तिरंगी झुंजीत ते नावही अपुरे पडले. पुढे १९९६ मध्ये हा मतदारसंघ शिवसेनेच्या सुरेश प्रभू यांच्याकडे गेला, आणि तेही नंतर रेल्वेमंत्री झाले.

चिन्हाची गोष्टही लहान नाही. १९७१ मध्ये आम्ही झोपडीवर मत मागितले. पुढे जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी आला आणि १९८९ मध्ये जनता दलाचे चक्र. माणूस तोच, पण दर काही वर्षांनी वाडीवाडीत जाऊन म्हाताऱ्या माणसांना नवे चित्र ओळखायला शिकवावे लागे, आणि त्यासाठी दर वेळी जुन्या निष्ठावंत कार्यकर्त्यांचीच फळी उपयोगी पडे. १९९१ पर्यंत त्यातले बरेच थकले होते किंवा देवाघरी गेले होते. त्यांच्या जागी नवे तयार करण्यात आम्ही कमी पडलो, आणि हा दोष मी कार्यकर्त्यांकडे घेतो.

राहिली रेल्वे. रोह्याच्या पायाभरणीनंतर नऊ महिन्यांनी मतदान झाले. त्या वेळी आमच्या भागात रूळ कुठेच दिसत नव्हते. दिसत होती ती मोजणीची माणसे, खुणांचे दगड, आणि आपली आंब्याची कलमे जाणार की राहणार या काळजीत बसलेली घरे. पहिली गाडी धावायला अजून बरीच वर्षे होती. जे काम डोळ्यांना दिसत नाही त्यावर मत मागता येत नाही, आणि दंडवत्यांनी ते तसे मागितलेही नाही. प्रचारात ते महामंडळाची रचना आणि रोखे समजावून सांगत. लोक मान देऊन ऐकत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला निकाल कळला होता.

पराभवानंतर त्यांनी सार्वजनिक काम सोडले नाही. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, आणि मार्ग पूर्ण झाला तेव्हा त्याच पदावर होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान करण्यात आले.

आपल्या बंधूंना एक सुचवतो. लोकसभेच्या जुन्या चर्चा आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात वाचायला मिळतात. त्यातली १९७८ आणि १९७९ ची रेल्वे अर्थसंकल्पावरील भाषणे काढून वाचावीत, आणि त्यांच्या शेजारी १९८० नंतर विरोधी बाकावरून केलेली त्यांची भाषणे ठेवावीत. मग आजोबांशी पुन्हा बोलावे.